खालची खूण उशिरा येते

९ जून

रेफिकमामा, सलाम.

शुद्धलेखनाबद्दल आधीच माफ करा. मी शाळा अर्धवट सोडली हे तुम्हाला माहितीच आहे, दर बायरामच्या सणाला जेवणाच्या टेबलावर तुम्हीच सगळ्यांना आठवण करून देता. आणि टायपिंगबद्दल पण माफ करा. आईच्या फुटक्या फोनवर एका बोटाने लिहितेय. काचेला जिथे तडा गेलाय तिथलं अक्षर तीनदा दाबल्याशिवाय उठत नाही. सकाळची कॉफी झाली तेव्हा बसले, आता आई दुपारच्या जेवणाला हाका मारतेय.

फोन केला असता, पण फोनवर मला बोलता येत नाही. मागच्या वेळी तुम्ही "हॅलो, हॅलो, मेलीस का?" करत होता ना, तेव्हा मी कानाला लावूनच उभी होते.

काम आजोबांच्या गाडीचं आहे. स्टिअरिंग फिरवलं की गाडी लगेच वळत नाही. नगरपालिकेतल्या कारकुनासारखं करते. आपण कागद पुढे सरकवायचा, तो आपल्याकडे बघतो, चहा संपवतो, मग हात पुढे करतो. गाडी वळते शेवटी, पण मधे जो वेळ जातो तो सरळ रस्त्यावर चालतो. खाणीकडून खाली चपलांच्या कारखान्यापर्यंत अकरा वळणं आहेत, हे तुम्हाला सांगायला नको. आई रोज त्याच रस्त्याने जाते आणि शेजारच्या शेवालामावशीसकट तीन बायका तिच्या गाडीत असतात.

मंगळवारी सातव्या वळणावर गाडी कडेच्या खडीवर गेली. हे आईने नाही सांगितलं, शेवालामावशीने सांगितलं, ते पण सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं. आई म्हणते, "गाडीला काही झालं नाही गं. माझे हात उशिरा ऐकतात आता. बारा वर्षं चपलांच्या तळव्यांना गोंद लावतेय, बोटं सुन्न झाली." एप्रिलपासून ती असंच म्हणते. रोज हातांना मलम चोळते. आणि आता तिने ठरवलंय की जुलैच्या शेवटी काम सोडायचं, कारण गाडी चालवायची तिला भीती वाटते, आणि बस तर आपल्या गावात तीन वर्षं येतच नाही.

मला वाटतं हात नाही, गाडी आहे. पण माझं कोण ऐकणार. तुम्ही तिकडे ऑस्ट्रियात ग्राझला मोठ्या गॅरेजात आहात म्हणून विचारते. कुठून बघायला सुरुवात करू?

एल्मिना

१० जून, ग्राझ

एल्मिना,

शुद्धलेखनाचं राहू दे, अकलेचं काहीतरी कर. म्हणे गाडी कारकुनासारखी विचार करते. गाडी विचार करायला लागली तर तुझ्या आधी दहावी पास होईल.

नीट ऐक. ती गाडी मी ऑक्टोबरात आलो तेव्हा या दोन हातांनी नीट करून दिलीय. तेवीस वर्षं परदेशात गाड्यांत हात घालतोय मी. माझा हात लागलेली गाडी तक्रार करत नाही. नाचता येईना अंगण वाकडं, तसं झुम्राचं झालंय. लहानपणी सायकल शिकवताना पण ती मला म्हणायची, हँडल उशिरा वळतं.

टायरची हवा बघ. तुमच्याकडे कोणी हवा बघतच नाही, चाक चौकोनी झालं की मग पंपावर नेतात. हवा कमी असली की टायर मऊ पडतो, स्टिअरिंग वळतं आणि टायर मागे राहतो. एवढं साधं आहे. आणि झुम्राला सांग हात डॉक्टरला दाखव. पन्नाशी जवळ आली, लाज कसली?

तू शाळेत परत कधी जाणार? केस कापायचं तर शिकत होतीस. कात्रीला पण घाबरलीस का?

रेफिक

१५ जून

मामा,

कात्रीला नाही घाबरले. पन्नास जणांसमोर उभं राहून "कात्रीचे प्रकार सांगा" याला घाबरले. कात्रीचा आणि माझा काही वाद नाही.

हवा बघितली. पुढच्या दोन्ही चाकांत १.३ बार होती, म्हणजे तुम्ही म्हणता तसं टायर म्हणजे उशीच झाली होती. सगळीकडे २ भरली. आता स्टिअरिंग हलकं झालंय. पण उशीर आहे तसाच आहे.

मग मी मोजलं. गाडी अंगणात उभी करून स्टिअरिंगच्या कडेला चिकटपट्टी लावली आणि पुढचं चाक हलायला लागेपर्यंत पट्टी किती सरकते ते बोटांनी मोजलं. सकाळी दोन बोटं. दुपारी आई कारखान्यातून आली की लगेच मोजलं, चार बोटं. पाच दिवस रोज मोजलं, कॅलेंडरच्या मागे लिहून ठेवलंय. एकदाही उलटं झालं नाही. सकाळी दोन, दुपारी चार. एक दिवस फार ऊन होतं, त्या दिवशी साडेचार.

आईचे हात पण असेच मोजू का म्हटलं, तर आई हसली. मग म्हणाली, "बघ ना, कामावरून दमून आल्यावर हात जास्त उशिरा ऐकतात, तुझंच गणित माझ्या बाजूने आहे." मला पुढे काही बोलताच आलं नाही. हे असंच होतं माझं. तोंडापर्यंत सगळं येतं आणि तिथेच बसून राहतं.

पण गाडी अंगणात उभी असताना ते फिरवणारे हात माझे होते ना. आणि माझे हात सोळा वर्षांचे आहेत.

सकाळी कमी आणि दुपारी जास्त, हे कशाने होतं?

एल्मिना

१६ जून, ग्राझ

एल्मिना,

गाडीला पण दुपारची झोप लागते का आता? उशी पण दे तिला.

तुझं ते बोटांचं मोजमाप इथे माझ्या साहेबाला दाखवलं तर तो मला कामावरून काढेल. चार बोटं! कोणाची बोटं? तुझी का मुयागाची? तो भंगारवाला मुयागा, त्याचं एक बोट म्हणजे तुझी तीन.

जाऊ दे. तुला करायचंच असेल तर चाकांजवळचे सांधे बघ. स्टिअरिंगच्या दांड्यापासून चाकापर्यंत जे दांडे जातात त्यांच्या टोकांना गोळ्यांचे सांधे असतात. झुम्राला गाडीत बसव, स्टिअरिंग डावीउजवीकडे थोडंथोडं हलवायला सांग. तू खाली झोप आणि प्रत्येक सांध्यावर हात ठेव. सांधा झिजला असेल तर हाताला कळतं, आत टक्टक् होतं. हे मी तुला सांगतोय, कारण हे लहान मूल पण करू शकतं.

बाकी कुठे हात घालू नकोस. वरचं सगळं मी बघितलेलं आहे.

रेफिक

२२ जून

मामा,

चारही सांधे बघितले. आई स्टिअरिंग हलवत होती आणि वरून ओरडत होती, "कळलं का गं? जिवंत आहेस ना?" शेवालामावशी कुंपणावर कोपरं टेकून उभी. म्हणाली, "झुम्रा, पोरगी गाडीखाली आणि तू वरती, हे बघून मला हार्ट अटॅक येईल. अगं, ही नजर लागलीय नजर. मी मशिदीतल्या होजाकडनं तावीज आणते." आणि आणला पण. आरशाला लटकवलाय. आता गाडी उशिरा वळते आणि वळताना तावीज आधी वळतो.

सांधे घट्ट आहेत सगळे. एकाचं पण टक्टक् नाही. म्हणजे उशीर त्यांच्या वर कुठेतरी आहे.

बॉनेट उघडून बघितलं. स्टिअरिंगचा दांडा जिथे इंजिनाच्या शेजारून खाली उतरतो, तिथे दोन दांड्यांच्या मधे काहीतरी काळं गोल आहे. रबरासारखं. इंजिनाचं तेल वरून गळून त्यावर एवढा चिखल बसलाय की नीट कळत नाही. धुराचा पाइप त्याच्या एक वीत अंतरावर आहे, तिथे दुपारी हात धरवत नाही. ते पुसून बघू का?

एल्मिना

२२ जून, ग्राझ

एल्मिना,

नको. हात लावू नकोस म्हणजे लावू नकोस. कळतं का तुला? तो भाग जाणकार माणसाने उघडायचा असतो. एक बोल्ट चुकीचा बसला तर स्टिअरिंग हातात येतं.

गाडी अंगणात उभी करा. आजपासून कोणी चालवू नका. बसचं तिकीट मी काढून पाठवतो. मी झुम्राशी आत्ताच फोनवर बोललो, हात दाखवून घे म्हटलं, काम सोडायचंच आहे तर जुलैची वाट कशाला बघतेस, आत्ताच सोड.

बायरामला येईन तेव्हा मी स्वतः गाडी बघेन.

रेफिक

२४ जून

मामा,

बस नाहीये. मी पहिल्याच पत्रात लिहिलं होतं. तीन वर्षं नाहीये. तुम्ही पत्र वाचता का नुसत्या चुका मोजता?

तुमच्या फोननंतर आईने कांदा चिरायला घेतला. पिटाच्या सारणाला दोन कांदे लागतात. तिने सात चिरले, कारण थांबली असती तर मी विचारलं असतं कशाला रडतेस. आणि मी विचारलं नसतं हे तिला माहिती नाही, मला कुठे विचारता येतं.

बारा वर्षांपूर्वी बाबा गेल्यावर जी बाई एका महिन्यात गाडी शिकली आणि कारखान्यात लागली, ती आता म्हणतेय, "रेफिक म्हणतोय तर खरंच असेल. तो इतक्या गाड्या बघतो. माझेच हात गेले." तुम्ही "सोड" म्हटलं की ती श्वास पण सोडेल. आणि तुम्हाला माझी भीती वाटते का, की मी एक बोल्ट उघडला तर जग बुडेल? शाळा सोडलेली पोरगी बोल्ट उघडते म्हणजे तुमच्या तेवीस वर्षांचा अपमान होतो का? लिहिताना मला बोलता येतं बघा. समोर असता तर मी तुमच्या बुटांकडे बघत बसले असते.

आता ऐका. मी ते उघडलं नाही. नुसतं पुसलं. मग आईचा शिवणाचा खडू घेतला आणि त्या गोल रबराच्या वरच्या दांड्यावर एक खूण केली, खालच्या दांड्यावर एक खूण केली, दोन्ही एका रेषेत. आईला म्हटलं, हळूच फिरव. दुपारची वेळ, ती नुकतीच कामावरून आलेली, इंजिन तापलेलं.

वरची खूण अंगठाभर सरकली. खालची जागच्या जागी. मग खालची निघाली, झोपेतून उठवल्यासारखी. आईला म्हटलं उलट फिरव. पुन्हा तेच. वरची गेली, खालची थांबली, मग मागून आली. वीस वेळा बघितलं.

हात वरच्या खुणेपर्यंतच असतात मामा. वरची खूण वेळेवर निघते. उशीर त्याच्या खाली आहे.

आईला वाकून बघायला सांगितलं. तिने बघितलं. म्हणाली, "रबर आहे, थोडं दबणारच. रेफिकनेच बसवलंय ते, त्याला कळत नसेल का?" आणि आत गेली. त्यामुळे रविवारी मी ते उघडणार आहे. तिकीट पाठवू नका.

एल्मिना

२९ जून

मामा,

उघडलं.

चार बोल्ट. आधी चाकं सरळ केली, स्टिअरिंग दोरीने बांधून ठेवलं, सगळ्याच्या खुणा केल्या. एक बोल्ट गंजला होता, त्याने दीड तास घेतला. ती रबराची चकती बाहेर आली तेव्हा माझ्या हातात ती वाकली, शिळ्या पॅनकेकसारखी. बोल्टची भोकं गोल नव्हती राहिली, बदामासारखी लांब झाली होती. एक भोक कडेपर्यंत आलं होतं. कडेला राहिलं होतं माझ्या नखाएवढं रबर. तेवढ्यावर चार बायका रोज अकरा वळणं उतरत होत्या.

मग मी ती रॉकेलने धुतली. आणि बसून राहिले, कारण ती मी ओळखली.

एका बाजूला बारीक चौकटी. मधे विटक्या कापडाचे थर. आपल्या गावात हे कोण ओळखणार नाही? खाणीचा पट्टा, माल वाहून नेणारा सरकता. आपल्या दारातलं पायपुसणं त्याचं, कुत्र्याच्या घराचं छप्पर त्याचं, आजोबांच्या चपलेचे तळवे त्याचे, मशिदीच्या फाटकाची बिजागरी पण त्याची. निवृत्त होताना खाण घड्याळ देते आणि माणसं पट्टा घेऊन येतात, घड्याळ बंद पडतं आणि पट्टा नातवंडांना मिळतो. पण स्टिअरिंगमधे मी तो पहिल्यांदा बघितला.

मी अंगणात फिरले. कोंबड्यांच्या खुराड्यासमोर जो पट्टा अंथरलाय तो उचलून बघितला. त्याला गोल भोक आहे. चकती त्यात ठेवली. झाकणासारखी बसली, सुरीचा हात जिथे घसरलाय तिथपर्यंत.

आता मला कळलं वरचं कोणी का उघडायचं नव्हतं. मला वाटत होतं तुम्ही मला मूर्ख समजता. तसं असतं तर बरं झालं असतं.

काल मुयागाकडे गेले. बोलता येईना म्हणून चकतीचं चित्र, मापं आणि गाडीचं साल कागदावर लिहून टेबलावर ठेवलं. म्हणाला, "मुकी आहेस का?" मी म्हटलं, "हो." तो इतका हसला की त्याने खरी चकती शोधून, पुसून, चारही नवीन बोल्टांसकट दिली. बसवली. खडूच्या खुणा परत केल्या. आता दोन्ही खुणा एकत्र निघतात.

एल्मिना

६ जुलै

मामा,

पत्र वाचल्याची खूण दिसतेय. तीस तारखेला सकाळी वाचलंय तुम्ही. आज सहा. एवढा उशीर तर गाडी पण करत नव्हती.

एल्मिना

९ जुलै, ग्राझ

एल्मिना,

जरा डोकं शांत ठेव आणि ऐक. ऑक्टोबरात आलो तेव्हा जुनी चकती चिरलेली होती. नवीन मागवायची तर तीन दिवस, आणि मला दुसऱ्या सकाळी निघायचं होतं. झुम्राला सोमवारी कामावर जायचं होतं. मग काय करणार? तुझ्या आजोबांनी आयुष्यभर पट्ट्याने काय नाही दुरुस्त केलं? पंप केला, दरवाजा केला, वासराच्या मोडक्या पायाला पट्टी केली. जो पट्टा चाळीस वर्षं डोंगर ओढतो त्याला एक चाक वळवायला जड आहे का? असं वाटलं. तात्पुरतं होतं ते. नवीन चकती पाठवणार होतो.

मग डोक्यातून गेलं. तू "सकाळी कमी, दुपारी जास्त" लिहिलंस तेव्हा आठवलं. तेव्हाच सांगायला हवं होतं, मान्य. पण तुला पत्रातून काय सांगणार, तू ते सगळ्यांना वाचून दाखवणार.

आता झालं ना नीट? मग संपलं. झुम्राला कशाला सांगायचं? तिला उगीच त्रास. गाडी नीट चालतेय, तेवढं पुरे.

रेफिक

१० जुलै

मामा,

मी कोणाला वाचून दाखवणार? मला चार माणसांसमोर "मीठ द्या" म्हणता येत नाही.

पट्टा डोंगर ओढतो कारण तो ओढायलाच केलेला असतो. त्यातलं कापड लांबीत ताणलं जातं. तुम्ही तो पिळायला लावलात. पिळताना कापड नाही, वरचं रबर काम करतं, आणि ते तापलं की मऊ पडतं, त्यात तेल गेलं की लोण्यासारखं होतं. थंडीत टणक होतं म्हणून एप्रिलपर्यंत कळलं नाही. हे मी शाळेत नाही शिकले. दीड तास तो बोल्ट काढत होते, तेव्हा विचार करायला वेळ होता.

आणि "संपलं" म्हणता ना, ते कसं संपलं ते पण ऐका. सोमवारी आई नवीन चकतीवर गाडी घेऊन गेली आणि उड्या मारत घरी आली. "एल्मिना, माझे हात बरे झाले!" शेवालामावशी म्हणाली तावीज. आई म्हणाली मलम. दोघी त्यावर दोन कप कॉफी होईपर्यंत भांडल्या. मी चकती टेबलावर ठेवली आणि म्हटलं, हे होतं. एवढं दोन शब्दांचं बोलायला मी सकाळपासून पाठ करत होते. आई म्हणाली, "जुनी झाली असेल बिचारी. रेफिकने बसवलेलं इतके दिवस टिकलं हेच खूप." आणि उचलून खिडकीत ठेवली, त्यावर आता जिरेनियमची कुंडी आहे.

ती काम सोडतेच आहे. शुक्रवारी मुकादमाला लिहून देणार. म्हणते, "हात आज बरे आहेत, उद्याचा काय भरवसा? एकदा गेलेले हात परत जातात. तिघींची आयुष्यं माझ्या बोटांवर नकोत." गाडी नीट झाली मामा. आई नाही झाली.

माझ्या बोलण्याने ती होणार नाही. मी शाळा सोडलेली आहे, मी गाडीखाली झोपते, माझं काय. तुमच्या बोलण्याने होईल. तुम्ही तिला सांगितलं हात गेले, तिने मानलं. आता तुम्हीच सांगा की नाही गेले. शुक्रवारच्या आत. मला नका लिहू, तिला लिहा.

नाही लिहिलंत तर मी काय करेन विचाराल. काही करणार नाही. मला काय येतं? पण तुम्ही बायरामला याल, टेबलावर बसाल, माझ्या शाळेची गोष्ट काढाल, आणि मी तुमच्या बुटांकडे न बघता तुमच्याकडे बघेन. बस्स, तेवढंच.

एल्मिना

१२ जुलै, ग्राझ

झुम्रा,

हे एल्मिनाच्या फोनवर, म्हणजे तुझ्याच फोनवर, पाठवतोय. तू स्वतः वाच, तिला वाचायला लावू नकोस.

तुझे हात ठीक आहेत. एप्रिलपासून ठीकच होते. मी ऑक्टोबरात घाईत खाणीचा पट्टा कापून स्टिअरिंगमधे घातला आणि विसरलो. जूनमधे पोरीने लिहिलं तेव्हा मला आठवलं, आणि तरी मी तुला फोन करून काम सोड म्हटलं. मला वाटलं तू गाडीच चालवली नाहीस तर कोणाला काही होणार नाही, आणि मला पण काही होणार नाही. खिडकीतली ती चकती उचल, भोकं बघ. कडेपर्यंत आलेलं बघ. तुझ्यासारखे हात नसते तर तुम्ही चौघी मेमधेच सातव्या वळणाखाली असता. उशिरा ऐकणारी गाडी तू तीन महिने रस्त्यावर ठेवलीस. मी ठेवू शकलो नसतो.

आणि एक. इथे मी चाकं बदलतो. उन्हाळा आला की उन्हाळ्याची घालायची, हिवाळा आला की ती काढून हिवाळ्याची घालायची. तेवीस वर्षं. इंजिनाला हात लावायला मला देत नाहीत. म्हणून तर पोरीला पहिली गोष्ट सांगितली ती टायरची. मला दुसरं नक्की काही माहितीच नव्हतं.

काम सोडू नकोस.

रेफिक

१५ जुलै

मामा, सलाम.

आईने पत्र वाचलं. उभ्याने वाचलं, मग बसून वाचलं. मग कुंडी बाजूला केली आणि चकती उचलून खिडकीच्या उजेडात धरली. त्या बदामासारख्या भोकातून तिने करंगळी घातली आणि फिरवत राहिली. मी दाराशी उभी. मला वाटलं परत कांदे काढते की काय.

ती म्हणाली, "गाडी काढ."

मी म्हटलं, "मी?" मला येत नाही हे तिला माहितीय.

"काढ म्हणजे बस आत. मी चालवते."

शेवालामावशी बिनबोलावता मागे बसली. आम्ही अकराही वळणं खाली उतरलो आणि अकराही वर चढलो, काही काम नसताना. सातव्याला आईने काच खाली केली आणि कोपर बाहेर काढलं, तुम्ही काढता तसं. शेवालामावशी म्हणाली, "झुम्रा, तावीज काढू का ठेवू?" आई म्हणाली, "ठेव. पुढच्या वेळी रेफिक येईल तेव्हा त्याच्या गळ्यात घालू." शुक्रवारी मुकादमाने विचारलं, काही लिहून देणार होतीस ना? आई म्हणाली, "हो. सुट्टीच्या दिवसाचे जादा पैसे मिळाले नाहीत, ते लिहून देते."

आता ती माझ्या डोक्यावर उभी आहे आणि म्हणते लिही. मी जसंच्या तसं लिहिते, शब्द तिचे आहेत, चुका माझ्या.

"रेफिक. तीन महिने मी दोन हात एकमेकांवर घासत बसले आणि देवाला म्हणत होते, पाय घे, हात ठेव. तू तिकडे टायर फिरवत होतास. तू मोठा गॅरेजवाला नाहीस याचं मला काहीच वाटत नाही, चाकं बदलणं हे पण काम आहे, मी तळवे चिकटवते. पण तू मला माझ्याच हातांबद्दल खोटं सांगितलंस. तेवढ्यासाठी बायरामला आलास की कोंबड्यांच्या दारात नवीन पट्टा तू घालायचास, आणि गोल भोकासमोर अर्धा तास उभं राहायचंस. गोड बकलावा मिळेल. पण उशिरा मिळेल."

ती गेली चहा ठेवायला. आता माझं.

तुम्ही लिहिलंत ते बरं केलंत. माझं तुमच्यावर फार काही राहिलं नाहीये, थोडं राहिलंय, ते राहू दे. मुयागा आईला म्हणाला, त्या मुक्या पोरीला माझ्याकडे पाठव, भंगारातल्या गाड्यांचे चांगले भाग काढायला माणूस हवाय, बडबड करणारे चार आहेत त्यांना कंटाळलोय. आई म्हणाली ती मुकी नाही. तो म्हणाला, मला मुकीच हवी आहे. सोमवारपासून जातेय. टायर नाही बदलणार, आधीच सांगितलंय, म्हणजे लिहून दिलंय.

थांबा, बाहेर कोणीतरी ओरडतंय. गावाच्या पाण्याच्या टाकीत अकॉर्डियन सापडलं. अख्खं, पेटीसकट. कोणाचं आहे कोणालाच माहिती नाही, आणि सगळं गाव टाकीकडे पळतंय. मी पण पळते, बाकीचं पुढच्या पत्रात.

एल्मिना